खालच्या आळीचा पट्टा

लोझिव हे गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, या प्रश्नाला एका शतकात तीन निरनिराळी अधिकृत उत्तरे मिळाली होती, आणि तिन्ही वेळा गाव जागचे तसूभरही हलले नव्हते. व्हिएन्नाच्या अधिकाऱ्यांनी त्रिएस्तेच्या बंदरातला समुद्र प्रमाण मानला, वॉर्साच्या अधिकाऱ्यांनी अ‍ॅम्स्टरडॅमचा, मॉस्कोच्या अधिकाऱ्यांनी क्रोनश्टाटचा. यांतला एकही समुद्र लोझिवमधल्या कोणी पाहिलेला नव्हता. गावाला ठाऊक होती ती फक्त नदी, आणि नदीची उंची ह्रिनिशिनांच्या घरातला माणूस रोज सकाळी आठ वाजता वाचत असे.

आता तो माणूस म्हणजे ओनुफ्री ह्रिनिशिन. वय सत्तर. त्याच्या आजोबांना अठराशे शहाण्णव साली सम्राटाच्या जलखात्याने पगारावर घेतले आणि नदीत रंगवलेली लाकडी मोजपट्टी रोवून दिली. ती पट्टी गाळात खचली तर शून्य कुठे होते ते कळावे, म्हणून आजोबांनी गिरणीच्या दगडी भिंतीत एक जाड खिळा ठोकला आणि शून्यापासून त्याचे अंतर घरच्या वहीत टिपून ठेवले. पुढे सम्राट गेला, पोलंड आले; पट्टीवरचा रंग बदलला, शून्य तेच राहिले. चाळीस साली सोव्हिएत मोजणीदार आले. त्यांनी शून्य ब्याण्णव सेंटिमीटर खाली नेले. कारण दिले ते शास्त्रीय होते: नदीचा तळ खरवडला गेल्याने उन्हाळ्यात आकडे उणे येत होते. त्या दिवसापासून ओनुफ्रीच्या वडिलांनी, लाव्रिनने, दोन वह्या ठेवल्या. सरकारच्या वहीत सरकारचे शून्य आणि घरच्या वहीत आजोबांचे. दोन्ही आकड्यांत रोज ब्याण्णवचा फरक. सरकारे किती काळ टिकतील याचा लाव्रिनला अंदाज नव्हता. खिळा टिकेल असे त्याला वाटत होते. अठ्ठावन्न साली सामुदायिक शेतीने डुकरांच्या गोठ्यासाठी दगड हवे म्हणून गिरणी पाडली, तेव्हा खिळाही गेला. एवढ्यावरून अंदाजांची किंमत कळावी.

दोन हजार आठच्या जुलैत पूर आला. पट्टीवर ६३१ सेंटिमीटर. खालच्या आळीच्या सर्वांत सखल उंबऱ्यापासून पाणी चोवीस सेंटिमीटर खाली थांबले आणि तीन दिवसांनी परत गेले. त्यानंतर सप्टेंबरात जिल्ह्याहून रोस्तिस्लाव नावाचा अभियंता आला. तिशीतला, सभ्य, बुटांना चिखल लागू नये म्हणून फळ्यांवरून चालणारा. त्याच्या माणसांनी आळीतल्या सातही घरांच्या दारचौकटींवर लाल रंगाने उंबऱ्याची उंची लिहिली: वरच्या टोकाला ७००, खालच्या टोकाला ६५५. नियम सोपा होता. ज्ञात असलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेच्या वर जे घर आहे ते राहील, तिथे नवे बांधताही येईल. रेषेखाली आहे त्याला ना दुरुस्तीची मदत, ना नव्या बांधकामाची परवानगी, आणि राहणाऱ्यांनी टेकडीवरच्या नव्या वसाहतीत जायचे. अभियंत्याच्या तक्त्यात सर्वांत मोठा पूर होता सप्टेंबर एकेचाळीसचा: ६३८. सर्वांत सखल उंबरा त्याहून सतरा सेंटिमीटर वर. आळी सुरक्षित होती.

"तुमची सही तेवढी हवी, ओनुफ्रीकाका," रोस्तिस्लाव म्हणाला. "आकड्यांची मालिका अखंड आणि एकाच शून्याची आहे, एवढंच. शुक्रवारी येतो मी."

ओनुफ्रीने कागद घेतला आणि वाचायला चष्मा नाही असे सांगितले. चष्मा खिशात होता.

एकेचाळीसच्या सप्टेंबरात गावात जर्मन होते. सोव्हिएतांची पट्टी पुराच्या पहिल्याच सकाळी वाहून गेली. लाव्रिनने गिरणीच्या वरच्या खिडकीतून दोरीला वजन बांधून खिळ्यापासून पाणी मोजले आणि आकडा आजोबांच्या शून्यावरून काढला, कारण त्या क्षणी दुसरे शून्य अस्तित्वातच नव्हते. तोच त्याने दोन्ही वह्यांत लिहिला. जर्मनांना तो कुठल्या शून्याचा याच्याशी कर्तव्य नव्हते. पूल राहील का, एवढेच त्यांनी विचारले. परतलेल्या सोव्हिएतांच्या लेखनिकाने शेहेचाळीस साली जुन्या वहीतले आकडे आपल्या तक्त्यात उतरवले आणि हाही आकडा, ब्याण्णव न मिळवता, आपल्याच शून्याचा म्हणून उतरवला. लाव्रिन शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. बोलला असता, तर जर्मनांसाठी आपण पोलिश शून्यावरून मापे घेतली हे त्याला कबूल करावे लागले असते, आणि त्या वर्षी त्याहून क्षुल्लक कारणासाठी माणसे सैबेरियाला गेली होती. एकाहत्तर साली मरणशय्येवर त्याने मुलाला सांगितले, "सहाशे अडतीस नव्हे. सातशे तीस." त्याने खोटे लिहिले नव्हते. खरा आकडा चुकीच्या रकान्यात गेला होता आणि तिथेच म्हातारा झाला होता.

सातशे तीस म्हणजे सातही उंबरे पाण्याखाली.

आळीत हे कोणालाच आठवत नव्हते, आणि यात आश्चर्य काही नव्हते. एकेचाळीस साली आळीत पोलिश कुटुंबे होती. टोकाच्या घरात ज्यू नावाडी लेझर होता; त्याच्या घरची सहा माणसे बेचाळीसच्या शरदात जर्मनांनी नेली, आणि परत आले नाही कोणी. पोलिशांना पंचेचाळीस साली गाडीत बसवून पश्चिमेला पाठवले. त्याच सुमारास सान नदीपलीकडच्या पोलंडातून युक्रेनी कुटुंबांना गाडीत बसवून इकडे आणले आणि या रिकाम्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती दिल्या. पाणी ज्यांनी पाहिले ते गेले. जे आले त्यांनी वेगळी नदी पाहिली होती. ओनुफ्रीची बायको स्तेफानिया अशीच आली, पाच वर्षांची. तिची थोरली बहीण हान्का चौदा वर्षांची होती. ती अजून आळीच्या मधल्या घरात राहत होती. घराशेजारची परसाची जागा स्तेफानियाच्या वाट्याची. स्तेफानिया गेल्यावर ती तिच्या मुलीकडे आली.

मुलगी मेलानिया. चव्वेचाळीस वर्षांची. अकरा वर्षे इटलीत, ब्रेशा शहरात, तिने परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या होत्या. पुरानंतर महिन्याने ती परतली ती कायमची, असे म्हणत. विटा आल्या होत्या. परसात, प्लास्टिकखाली, त्यांची चळत होती. शुक्रवारच्या सहीनंतर पाया खणायचा होता.

बुधवारी जेवताना ओनुफ्रीने तिला सांगितले. बिटाचे बोर्श्ट सूप निवत गेले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, मध्ये फक्त एकदा भाकरीचा तुकडा उचलून परत ठेवला.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?" तिने विचारले.

"मला. आता तुला."

"म्हणजे कुणालाच नाही."

त्याने घरची वही पुढे केली. एकेचाळीसच्या पानावर पुराआधीच्या प्रत्येक ओळीत आणि सरकारी तक्त्यात ब्याण्णवचा फरक होता. पुराच्या सहा दिवसांत दोन्हीकडे तोच आकडा. नवी पट्टी बसल्यावर पुन्हा ब्याण्णव. पुरावा म्हणून त्याला तो पुरेसा वाटत होता. मेलानियाने वही उघडली नाही.

"सदतीस वर्षं तुम्ही नदीचा आकडा लिहिलात, बाबा," ती म्हणाली. "माझा कधी लिहिलात? अकरा वर्षं. मागच्या वर्षी नाताळला आले तेव्हा हान्कामावशीनं ओळखलं नाही मला, कुणाची गं तू म्हणाली. ते पाणी एकदाच आलं ना, साठ-सत्तर वर्षांत?"

"एकदा येऊन गेलं, आता येणार नाही, असं नदीला कुणी कळवलेलं नाही."

"आणि आजोबा गप्प बसले ते चाललं?"

याचे उत्तर मुलीला सांगण्यासारखे नव्हते. त्याचे वडील भीतीपोटी गप्प बसले होते. त्याला आता कोणाची भीती नव्हती, म्हणून त्याला तेवढाही आधार नव्हता. शिवाय त्याच्यातल्या मोजणाऱ्या माणसाला दुसरीच एक गोष्ट टोचत होती. वडिलांचे शब्द ही साक्ष होती, माप नव्हे. दोरी, वजन, खवळलेले पाणी, चाळिशीतला घाबरलेला माणूस. चूक वडिलांचीही असू शकत होती. खिळा गेला होता, गिरणी गेली होती, पाहणारे गेले होते. सातशे तीसची खात्री करण्याचे एकही साधन उरले नव्हते, आणि खात्री नसलेल्या आकड्यासाठी मुलीचे घर अडवणे त्याला सही करण्याइतकेच बेजबाबदार वाटले.

गुरुवारी सकाळी आठचे माप घेऊन तो हान्काकडे गेला. ती बाकावर बसून घेवडा सोलत होती. त्याने तिलाही सगळे सांगितले. ती सत्त्याहत्तर वर्षांची होती आणि जिचे घर जाणार तिला आधी कळावे, एवढे त्याला समजत होते.

हान्का हसली. तोंडात दात थोडे होते, पण हसू पूर्ण होते.

"म्हणजे पुन्हा गाडी," ती म्हणाली. "पहिल्या वेळी दोन तासांत निघा म्हणाले. आईनं गाय घेतली आणि घड्याळ विसरली. आता तुझा तो फळ्यांवरून चालणारा पोरगा किती वेळ देतोय?"

"एक-दोन वर्षं. आणि टेकडी काही दूर नाही, हान्काताई."

"सैबेरियासुद्धा दूर नाही म्हणायचे. हे बघ, मला सरकारापेक्षा पाणी बरं. पाणी निदान परत जातं."

तो तिच्यासमोर उभा राहून तिच्या घराच्या भिंतीकडे बघत होता. भिंत पांढरी होती; ईस्टरआधी आळीतली प्रत्येक बाई घराला चुना लावते. पांढऱ्याखाली ओढ्यातल्या मातीचा तपकिरी पट्टा होता. असा पट्टा गावात सगळ्यांच्याच घरांना असतो, जमिनीलगत, वीतभर. खालच्या आळीचा मात्र उंच. त्यावरून वरच्या गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या टोमणे मारत आल्या होत्या, की खालच्या आळीला कंबरपट्टा गळ्यात बांधायची हौस. ओनुफ्रीच्या आईनेही सुनेला हे ऐकवले होते. तो टोमणा त्याने आयुष्यभर ऐकला होता, आणि आत्ता, घेवड्याच्या टरफलांकडून नजर वर नेताना, त्याच्या लक्षात आले की उताराच्या बाजूच्या शेजारच्या घराचा पट्टा हान्काच्या पट्ट्याहून उंच आहे. त्याच्या खालच्या घराचा त्याहून.

"हा पट्टा इतका वर का काढता तुम्ही?" त्याने विचारले.

"काढता म्हणजे? होताच तो. आम्ही आलो तेव्हा घरोघरी भिंतीवर तपकिरी होतं, इथपर्यंत. वरची कड अगदी सरळ. युद्धात चुना कुठला मिळायला, सगळं तसंच राहिलेलं. आई म्हणाली, पोलिश लोकांची ही रीत दिसते, छान आहे, ठेवा. परक्याच्या घरात शिरलो होतो रे. म्हटलं, त्यांची एवढी तरी गोष्ट राहू दे." ती पुन्हा सोलू लागली. "दरसाल त्याच रेषेवर काढतो. माझा हात अजून हलत नाही."

ओनुफ्री बाकावर तिच्या शेजारी बसला. सदतीस वर्षे तो रोज या घरांवरून नदीकडे जात होता. पाण्याची पातळी वाचणे हेच त्याचे काम होते. खालच्या आळीच्या बायका दरवर्षी ती त्याच्यासमोर भिंतीवर लिहीत होत्या, आणि त्याने ती वाचली नव्हती, कारण त्याच्या मते ते बायकांचे रंगकाम होते.

तरीही दिसणे म्हणजे मोजणे नव्हे. तो घरी गेला आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घेऊन आला, वीस मीटर लांब, पाणी भरलेली. दोन टोके दोन ठिकाणी धरली की दोन्हीकडचे पाणी एकाच पातळीत थांबते. याला ना शून्य लागते, ना समुद्र, ना सरकार. मात्र दुसरे टोक धरायला माणूस लागतो. मेलानिया परसात विटांवरचे प्लास्टिक नीट करत होती. त्याने टोक तिच्यापुढे धरले.

"कशासाठी?" तिने विचारले.

त्याने सांगितले.

"मी नाही धरलं तर?"

"तर हान्काताईला सांगेन. तिचे गुडघे दुखतात."

मेलानियाने टोक घेतले. त्याने आपल्या टोकाचे पाणी हान्काच्या पट्ट्याच्या वरच्या कडेशी जुळवले. ती खालच्या घरापाशी गेली. नळीतले पाणी वरखाली झाले, हेलकावले, मग थांबले.

"कुठे आहे?" त्याने ओरडून विचारले.

तिने भिंतीवर बोट टेकवले. पाणी पट्ट्याच्या कडेला होते.

मग पुढचे घर, आणि त्याच्या पुढचे. मग परत फिरून वरच्या बाजूची. बायका दारात आल्या, कोणी विचारले, मेलानिया काय करतेस, तिने सांगितले, बाबांना मदत. एका घरी दोन सेंटिमीटर कमी, एका ठिकाणी एक जास्त. बाकी पाचांत काही फरक नाही. सात घरे, चुन्याचे साठाहून अधिक थर, कितीतरी हात, आणि चूक तीन सेंटिमीटरांच्या आत. सर्वांत सखल दारावर लाल रंगात ६५५ लिहिले होते. उंबऱ्यापासून पट्ट्याची कड त्याने फीतपट्टीने मोजली. पंचाहत्तर.

मेलानियाने बेरीज मनातल्या मनात केली असावी, कारण तिने नळीचे टोक खाली सोडले आणि पाणी वाहून जाऊ दिले.

"आजोबांनी बरोबर मोजलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला बरं वाटत असेल."

त्याला बरे वाटायला हवे होते. साठ वर्षे घरात लपवलेला आकडा खरा ठरला होता, आणि त्याला फक्त कुठेतरी बसावेसे वाटत होते. ते दोघे विटांच्या चळतीवर बसले. बराच वेळ ती नळी गुंडाळत राहिली, आवश्यकतेपेक्षा अधिक नीट.

"तुम्ही सही केलीत तर मी अडवणार नाही," तिने सांगितले. "पण नका करू. मी तिथे झोपणार, आणि माझ्या डोक्यावर हा पट्टा. काल मला खात्री नव्हती, तेव्हा चाललं असतं."

शुक्रवारी रोस्तिस्लाव आला. ओनुफ्रीने आधी घरची वही दाखवली. तरुणाने ती आदराने चाळली आणि हिच्यावर शिक्का नाही असे म्हणाला. ओनुफ्रीने विचारले की कोणाचा शिक्का चालेल. एकेचाळीसच्या सप्टेंबरात शिक्का असलेले जे सरकार होते त्याचा चालेल का? रोस्तिस्लावने वही मिटून परत दिली. प्रश्न त्याला रास्त वाटला असावा. मग दोघे आळीत गेले, आणि या वेळी नळीचे दुसरे टोक अभियंत्याने धरले. तिसऱ्या घरापाशी तो फळीवरून चिखलात उतरला होता आणि त्याचे त्याला भान नव्हते.

अर्जात एक रकाना होता: स्थळावर आढळलेल्या पुराच्या खुणा. बहुधा प्रत्येक सरकारच्या अर्जात तो असतो, आणि बहुधा प्रत्येक वेळी रिकामा राहतो. रोस्तिस्लावने त्यात लिहिले, सात घरांच्या भिंतींवरील रंगीत पट्टा, ७३०. अखंड मालिकेच्या प्रमाणपत्राखाली ओनुफ्रीने सही केली नाही. खुणांच्या रकान्याखाली केली.

"आळी गेली, ओनुफ्रीकाका," रोस्तिस्लाव हलक्या आवाजात म्हणाला. "लोक तुम्हाला शिव्या देतील."

"देऊ देत. आधीच्या सरकारांनाही देऊन झाल्या आहेत."

शिव्या मिळाल्याही. हिवाळाभर आळीतली तीन घरे त्याच्याशी बोलली नाहीत. दुकानात एकाने त्याला ऐकू जाईल असे विचारले, की याच्या बापाने जर्मनांसाठी मोजलं, हा कुणासाठी मोजतोय. ओनुफ्रीने पाव घेतला आणि घरी आला. टेकडीवरची जागा आखली गेली, पण तिथे पाणी आणि वीज आणायची म्हणजे आणखी दोन वर्षे. मेलानियाच्या विटा गाडीने वर नेल्या. तिकडे पाया खोल लागणार होता आणि तिच्याजवळचे पुरणार नव्हते. फेब्रुवारीत ती ब्रेशाला परत गेली. दोनच वर्षे, ती म्हणाली. पहिल्या खेपेलाही दोनच म्हणाली होती; त्याने आठवण करून दिली नाही, तिनेही नाही. बस वळणापलीकडे गेल्यावर तो नदीवर गेला, कारण आठ वाजायला पाच मिनिटे होती.

ईस्टरआधीच्या आठवड्यात तो सकाळचे माप घेऊन परतत असताना हान्काने हाक मारली. भिंत चुन्याने ओली होती. ती हातात मातीची बादली घेऊन उभी होती, आणि पट्टा अजून काढलेला नव्हता.

"दोन वर्षांनी हे घर पाडणार, हान्काताई," तो म्हणाला. "आता कशाला त्रास घेता?"

"पाडतील तेव्हा पाडतील. तुझी ती नळी आण."

"हात हलत नाही म्हणाला होतात."

"हलत नव्हता, जोवर ती नक्षी होती," हान्का म्हणाली. "आता भीती वाटते. चुकलं तर?"

तो नळी घेऊन आला. दुसरे टोक धरायला शेजारच्या घरातली सून पुढे आली. तिचे घर त्याच्याशी न बोलणाऱ्या तिघांपैकी एक होते, आणि ती आताही बोलली नाही. तिने टोक आपल्या भिंतीवरच्या कडेला लावले. ओनुफ्रीने इकडे पाणी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, ओल्या चुन्यावर नखाने खूण केली आणि बाजूला झाला. हान्काने ब्रश बुडवला.